घरकामासाठी वेल्डिंग मशीन घ्यायचंय? खान्देशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्याकडे माळ्यावरचे कूलर खाली येतात आणि दरवर्षी कोणत्या ना कोणत्या स्टँडचा एक पाय तुटलेला निघतो. गावातला वेल्डिंगवाला त्या दिवसांत ट्रॉल्या आणि शेडच्या कामांत बुडालेला असतो, त्यामुळे वेल्डिंगच्या दोन टाक्यांसाठी चार चकरा होतात. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, आपलंच एक मशीन घेऊन टाकू. मीही असंच घेतलं, चोपडा तालुक्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडसाठी, आणि पहिलं मशीन चुकीचं घेतलं. तेव्हापासून पाहुणे-रावळे आणि शेजारी जे विचारत आलेत ते इथं एका जागी लिहून ठेवलंय. हे सगळं घर, गोठा आणि मळ्यातल्या किरकोळ कामांपुरतं आहे. धंदा टाकणाऱ्याचं गणित वेगळं.

बजेट सहा-सात हजार आहे. फिरवून न सांगता सांगा, काय घेऊ?

सिंगल फेजवर चालणारं साधं इन्व्हर्टर आर्क मशीन (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी आत सर्किट असलेलं, रॉडनं जोडणारं), पाटीवर १६० ते २०० अँपिअर असलेलं, आणि त्यासोबत १२ नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटर जाडीचा रॉड. गेट, कठडा, कूलरचं स्टँड, गव्हाणीची चौकट, टाकीचं स्टँड, फवारणी पंपाची गाडी, सगळं यात होतं.

दुकानदार म्हणतो, दीड हजार जास्त टाका, ४०० अँपिअरचं देतो. घ्यावं का?

मी तेच केलं होतं. "भाऊ, उद्या मोठं काम निघालं तर?" एवढं एकच वाक्य ऐकून मी जास्तीचे पैसे मोजले. घरी आणून शेडमधल्या बोर्डाला लावलं, बटण अर्ध्यावर ठेवलं, रॉड टेकवला आणि फ्रिज, पंखा, मुलाचा अभ्यासाचा दिवा, सगळं एका दमात बंद. आठवडाभर मला वाटत होतं की मशीन बिघडलेलं आहे. बिघडलेला माझा हिशोब होता.

तो हिशोब असा. वेल्डिंग चालू असताना रॉडच्या टोकाशी किती व्होल्ट लागतात याचं एक ठरलेलं सूत्र आहे: २० अधिक अँपिअरचे ४ टक्के. म्हणजे ९० अँपिअरला साडेतेवीस व्होल्ट. गुणाकार केला की साधारण २.१ किलोवॅट होतात. मशीन स्वतः थोडं खातं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी न येणारा वाटा) थोडा खातो, तेव्हा घरच्या बोर्डातून १५-१७ अँपिअर ओढले जातात. तेच मशीन २०० अँपिअरवर चालवायचं म्हटलं तर रॉडपाशीच ५.६ किलोवॅट, आणि बोर्डातून ३५-४० अँपिअर. घरातला मोठा सॉकेट साधारणपणे १६ अँपिअरचा असतो. तेव्हा ४०० चा आकडा पाटीवर असो की देवघरात पुजून ठेवलेला असो, तुमचं घर तो देऊ शकत नाही.

दुसरं असं की, सात-आठ हजारांच्या सिंगल फेज डब्यावर ४०० लिहिलेलं असेल तर तो आकडा खराही नसतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे मशीनची आत येणारी वायर. मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडी जाड अशी वायर असेल तर तिच्यातून ४०० अँपिअरचं काम होणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मागची पाटी वाचा. किती अँपिअरला किती टक्के ड्यूटी सायकल (ती काय ते पुढं सांगितलंय), इनपुटला जास्तीत जास्त किती अँपिअर, हे ज्या कंपनीनं छापलं नाही तिचं मशीन घेऊ नका. मग ते कितीही चकचकीत असो.

घरच्या वायरिंगवर चालेल का?

बारा नंबरच्या रॉडपर्यंत चालतं, पण वायरिंग नीट असेल तर. बोर्डापासून शेडपर्यंत तांब्याची निदान ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढून घ्या, तिला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) द्या, आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते वायरमनकडून तपासून घ्या. आमच्याकडे काळ्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, मार्चपासूनच त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. मंजूर भार १ किलोवॅटचा असेल तर तो वाढवून घ्यायचा अर्ज करा. ते पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

मशीन घ्यायच्या आधी एक चाचणी फुकटात होते. ज्या सॉकेटला मशीन लावणार त्याला पाण्याचा हीटर किंवा २ किलोवॅटचा गीझर लावा आणि मल्टीमीटरनं व्होल्टेज बघा. हीटर बंद असताना २३० आणि चालू केल्यावर २१० च्या खाली, असं दिसलं तर दोष वायरिंगमध्ये आहे. कुठलंही मशीन आणलं तरी रॉड चिकटणारच.

एक्स्टेंशन बोर्ड वापरायचाच असेल तर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा. गुंडाळीत राहिलेली वायर तापते, वितळते.

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की आमचं व्होल्टेज १७०-१८० वर येतं. मग?

मळ्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर मशीन तेवढीच ताकद काढायला जास्त करंट ओढतं, वायर आणखी तापते, आणि हलकं मशीन शेवटी दिवा लावून बंद पडतं. पाटीवर इनपुट व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते. १६०-१७० पासून चालेल असं लिहिलेलं मशीन हजारभर महाग पडलं तरी घ्या. आपल्याकडे खरी किंमत ४०० च्या आकड्याला नाही, या आकड्याला आहे.

स्टॅबिलायझरच्या नादी लागू नका, एवढा भार पेलणारा स्टॅबिलायझर मशीनपेक्षा महाग येतो. त्यापेक्षा मोटारी बंद असतात ती वेळ गाठा.

सोलर पंपाच्या पॅनलवर किंवा घरच्या बॅटरी इन्व्हर्टरवर चालवता येईल?

नाही. सोलर पंपाचा कंट्रोलर मोटरसाठी बनवलेला असतो, त्याला हात लावला तर पंपाची हमी जाते. घरचा बॅटरी इन्व्हर्टर पहिल्याच टाक्याला मान टाकेल. जनरेटर असेल तर निदान ५ केव्हीएचा हवा.

ड्यूटी सायकल म्हणजे नक्की काय?

पाटीवर "२०० अँपिअर, ६० टक्के" लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं जाळायचं आणि चार मिनिटं मशीनला निवू द्यायचं. हा आकडा ४० अंश तापमान धरून काढलेला असतो. आता आपला मे महिना आठवा. जळगाव-भुसावळकडे सावलीत ४५ च्या पुढं पारा जातो आणि पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पाटीवरचा आकडा मे महिन्यात आपल्यासाठी खरा नसतो.

पण घाबरायचं कारण नाही, कारण ८०-९० अँपिअरवर मशीन आरामात असतं. बारा नंबरचा एक रॉड मिनिटभरात संपतो, मग खपली (जोडावर जमणारा कडक थर) झाडा, बघा, पुढचा रॉड लावा, तेवढ्यात मशीन निवतं. काम झाल्यावर लगेच बटण बंद करू नका, आतला पंखा पाच मिनिटं फिरू द्या. ग्राइंडर मशीनपासून लांब चालवा. तो पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो आणि ती भुकटी सर्किटवर बसली की एक दिवस ठप्प. इन्व्हर्टर मशीन यानं जितकी मरतात तितकी कामानं मरत नसावीत, असं माझं मत आहे.

गावात एकाचं जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन विकायला आहे, तांब्याचं वाइंडिंग आहे म्हणतो. घेऊ का?

मशीन म्हणून ते म्हातारं होत नाही. आत सर्किट नाही, जळलं तर वाइंडिंग भरून मिळतं. पण त्यातली बरीचशी दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात, आणि ती जोडणी घरी नसते. शेतात थ्री फेज येते ती ठरलेल्या तासांपुरती, आणि पाळी असेल तिथं कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोन वाजता उठून गेटला टाका मारायचा असेल तर खुशाल घ्या. शिवाय वजन ऐंशी-शंभर किलो, आणि एसी करंटवर बारीक रॉड नवशिक्याच्या हातात थरथरतो.

जुनं इन्व्हर्टर मशीन मात्र ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, तेही समोर पाच रॉड जाळून बघून.

रॉड कोणता?

दुकानात नंबरवर मागतात: १२ नंबर म्हणजे २.५ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.१५, ८ नंबर म्हणजे ४. घरी बारा नंबरच ठेवा, ६० ते ९० अँपिअरमध्ये चालतो आणि दीड-दोन मिलिमीटरच्या चौकोनी पाइपपासून ५ मिलिमीटरच्या पट्टीपर्यंत सगळं जोडतो. दहा नंबरला ९० ते १३० लागतात, तो जाड अँगलसाठी, आणि तुमचं वायरिंग सोसत असेल तरच.

पाकिटावर ६०१३ लिहिलेलं बघून घ्या. हा घरकामाचा रॉड, लवकर पेटतो, खपली सहज निघते. कोणी ७०१८ चा आग्रह धरला तर सांगा, तो भट्टीत भाजून कोरडा करून वापरायचा रॉड आहे, आपल्याकडे भट्टी भाकरीची.

पावसाळ्यात उघडं पाकीट दमट होतं, रॉड तडतडतो आणि जोडात भोकं पडतात. झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट झालेच तर ६०१३ चे रॉड उन्हात वाळवून बघा, बहुतेक सुधारतात. ऊन हा आपल्याकडे फुकट मिळणारा माल आहे.

गॅसशिवायचं मिग मशीन बरं का? व्हिडिओत फार सोपं दिसतं.

सोपं आहेच. रॉडऐवजी तार आपोआप येते, पातळ पत्र्याला छान. पण आत मसाला भरलेली ती तार किलोला रॉडच्या कितीतरी पट महाग आणि तालुक्याला मिळेलच असं नाही. गॅसवालं मिग घ्यावं तर सिलिंडर आला, रेग्युलेटर आला, आणि उघड्या शेडमध्ये वारा गॅस उडवून नेतो. ज्याला गाड्यांच्या पत्र्याचं काम करायचं आहे त्यानं विचार करावा. बाकीच्यांनी रॉड. गॅसशिवायची तार वापरताना आतली कनेक्शनं उलटी करावी लागतात, टॉर्च (तार सोडणारी हातातली बंदूक) वजा टोकावर. ते न केल्यानं "मशीन थुंकतंय" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे दोघं आले होते.

याच मशीननं स्टील, अॅल्युमिनियम, बीड जोडता येईल का?

स्टेनलेस स्टील त्याचा वेगळा रॉड घेतला तर जमतं, जाड असेल तर. अॅल्युमिनियम विसरा, त्याला बहुधा एसी टिग (टंगस्टनच्या टोकाचं, गॅसवालं वेगळं मशीन) लागतं. बीड, म्हणजे पंपाचं केसिंग वगैरेचं ओतीव लोखंड, त्याला निकेलचा महाग रॉड आणि जुना हात लागतो. (वेल्डिंगच्या ओळीलाही वेल्डिंगवाले बीडच म्हणतात आणि जिल्हाही बीड. कोण कशाबद्दल बोलतोय ते बघून घ्यावं.)

वखराची पास किंवा गाडीच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) तुकडा साध्या ६०१३ नं जोडला तर जोड दिसतो पक्का आणि पहिल्या ढेकळाला शेजारून चिरतो. ते पोलाद कडक असतं, आधी तापवून, नंतर हळू निवू देऊन जोडावं लागतं. ते लोहाराकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडेच न्या.

मशीन सोडून आणखी किती खर्च?

मशीनच्या निम्मा तरी धरा. काच आपोआप काळी होणारं हेल्मेट हजार-दीड हजाराच्या आसपास, चार इंची ग्राइंडर दीड-दोन हजारांच्या पुढं, चामड्याचे हातमोजे, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, काटकोनाचं चुंबक. मशीनसोबत येणारा अर्थिंगचा चिमटा (जोडायच्या लोखंडाला लावायचा) बहुतेक वेळा पत्र्याचा असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. निम्म्या वेळा रॉड पेटत नाही तो याच चिमट्यामुळे, किंवा चिमटा गंजावर, रंगावर लावल्यामुळे.

काळा गॉगल लावला तर चालतो ना?

नाही, नाही आणि नाही. गोल काळा गॉगल गॅस वेल्डिंगचा, त्याची काच काळेपणात साधारण ५ नंबरची असते. आर्कला १० किंवा ११ नंबर लागतो, आणि उजेड चेहऱ्याची कातडीही भाजतो.

माझ्या बाबतीत असं झालं की टाकाच मारायचाय म्हणून मी डोळे मिटून पाच-सहा टाके मारले. संध्याकाळी काहीच नाही. रात्री एकच्या सुमाराला उठून बसलो, डोळे उघडवेनात, पाण्याच्या धारा. शेजारचे आबा सकाळी दारातूनच म्हणाले, "काय व्हयनं भो? डोयामां रेती गयी वाटस का?" अगदी तसंच वाटतं. हा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि बहुधा दिवस-दोन दिवसांत ओसरतो. कांद्याचा रस, दूध, बटाट्याची चकती असलं काही डोळ्यांत घालू नका, बधिर करणारे थेंब मेडिकलवरून स्वतःहून आणू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बघत उभ्या राहिलेल्या पोरांनाही हेच होतं. त्यांना आधी हाकला.

कपडे सुती, बाह्या लांब, पायात बूट. टेरिलीनचा शर्ट ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतो. आणि घामानं भिजलेल्या हातानं रॉड बदलू नका. रॉड पेटलेला नसतानाच होल्डरवर ६०-८० व्होल्ट असतात.

जागा कोणती निवडावी?

खान्देशात हा प्रश्न कापसापासून सुरू होतो. दिवाळीनंतर कितीतरी घरांत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो, भाव वाढेल म्हणून. ग्राइंडरची ठिणगी तीस-पस्तीस फूट सहज जाते. कापसात ती बसली की वर धूरसुद्धा दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते आणि तुम्ही जेवून झोपल्यावर पेटते. कापूस घरात असेपर्यंत वेल्डिंग घराच्या दुसऱ्या अंगाला, दार-खिडकी बंद करून. कडब्याची गंजी, केळीची वाळलेली पानं, नंदुरबारकडे मिरचीच्या पथारी, सगळ्यांना हाच नियम. जवळ पाण्याची बादली, आणि काम संपल्यावर तासाभरानं परत येऊन एक फेरी.

बंद टाकी, डिझेलचा ड्रम, दुचाकीची टाकी यांना रॉड लावायचाच नाही. रिकामी असली तरी आत वाफ असते. ती टाकी नसते, बॉम्ब असतो.

जीआय पाइपला वेल्डिंग केलं की ताप येतो म्हणतात. खरं?

खरं. वरचं जस्त जळून पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अगदी हिवतापासारखा. बहुतेकदा दिवसभरात उतरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरनं घासून काढा, मोकळ्या हवेत, वारा पाठीकडून घेऊन काम करा. गूळ खाल्ल्यानं धूर उतरतो अशी समजूत आहे. गूळ चांगला लागतो, एवढंच.

ट्रॅक्टरवर काही जोडायचं असेल तर?

आधी बॅटरीची टोकं काढा. चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि ते बेअरिंग महिन्याभरात आवाज करायला लागतं. ट्रॉलीचा फाळका, बाजूच्या पट्ट्या खुशाल करा. हूक आणि दांडीला मात्र हात लावू नका. मागं उसाची किंवा केळीची भरलेली ट्रॉली असते आणि तिच्या मागं माणसं.

शिकायला किती दिवस लागतील?

आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, तेव्हा आठवड्यात उस्ताद होण्याची आशा सोडा. घरकामापुरता हात किलो-दोन किलो रॉड भंगारावर जाळल्यावर बसतो.

पहिलं काम कूलरचं स्टँड घ्या. एक इंची, ३ मिलिमीटरचा अँगल, बारा नंबरचा रॉड, ७५-८० अँपिअर. जोडाची जागा घासून चकचकीत करा. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा ओढून पेटवा, ठोकू नका. पेटल्यावर टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीएवढंच लांब. कान द्या: भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला तर बरोबर चाललंय, फटफट आवाज आला तर रॉड लांब गेलाय, घुसमटून चिकटला तर अँपिअर कमी किंवा चिमटा सैल. चिकटल्यास होल्डर वाकडा करून झटक्यात सोडवा. आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा, मग सुतळीनं दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच पुढं जा. जोड निवताना लोखंडाला ओढतो, म्हणून एक कोपरा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाण्यापेक्षा समोरासमोरचे थोडे-थोडे भरा. माझं पहिलं स्टँड एका पायावर लंगडत होतं. त्याखाली अजून चपटा दगड आहे.

ऑनलाइन घ्यावं की दुकानातून?

ऑनलाइन पाचशे-हजार वाचतात. पण सर्किट गेलं तर मशीन कुठं पाठवायचं हे आधी विचारा. जळगाव किंवा धुळ्यात दुरुस्ती करणारा असेल अशीच कंपनी निवडा. दुकानातून घेतलं तर पक्कं बिल, हमीच्या कार्डावर शिक्का, आणि तिथंच दोन रॉड जाळून बघायचे. "घरी बघा, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मशीन आल्याचं कळलं की सगळं गाव काम घेऊन येतं. काय करावं?

रॉड ज्याचा त्यानं आणायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. टाकी आणि ट्रॉलीचा हूक, या दोन कामांना मामा असो की मेहुणा, नाही म्हणा. पैसे घेऊन कामं करायला लागलात तर घरगुती मीटरवर चालेल का ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. माझ्या शेडमध्ये आत्ता तीन घरांची कूलर स्टँडं पडलीत. माझा स्वतःचा कूलर अजून विटांवर उभा आहे.